नवसारीच्या पुढे सात किलोमीटर

३ नोव्हेंबर

आज लाइट रेलची गाडी अमरावतीच्या नवसारी नाक्याला आली! रिकामी आली, चाचणीची आली, पण आली. बडनेऱ्याहून निघालेले दोन पांढरे डबे राजकमल चौकाच्या गर्दीतून वाट काढत, पंचवटीला वळसा घालून आमच्या बाजूला तोंड करून उभे राहिले, तेव्हा मी नाक्यावरच्या रसवंतीच्या बाकावर चढून टाळ्या वाजवल्या. शेजारचा माणूस म्हणाला, "भाऊ, उतरा, बाक मोडंन." मोडू दे. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळ बाकांवर चढलो, पण एवढ्या चांगल्या कारणासाठी कधीच नाही.

रूळ जिथे संपतात तिथे लाल रंगाचा लोखंडी अडसर लावला आहे. त्याच्या पलीकडे परतवाड्याचा रस्ता आणि सात किलोमीटरवर आमचं वलगाव. मी अडसराला हात लावून पाहिला. गार होता.

दुसऱ्या टप्प्यात एकच फाटा होणार आहे. एक तर नांदगाव पेठेच्या कारखान्यांकडे किंवा वलगावकडे. जो राहील त्याचा विचार पंधरा वर्षांनी. पंधरा वर्षांनी शकुन चौसष्टची असेल. माझी बायको रोज पहाटे साडेतीनला मेथी-पालकाचे भारे आणि झेंडूची पोती घेऊन छोट्या टेम्पोत चढते. अकरा बायका, भाऱ्यांवर बसलेल्या, पायाखाली पुन्हा भारे. गेल्या पावसाळ्यात तो टेम्पो पेढी नदीच्या पुलाजवळ उलटला. शकुनच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं, आणि तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्या दिवशी मी धारणीला होतो. "रस्ते आणि लोकशाही" या विषयावर व्याख्यान होतं. चांगलं झालं होतं.

पंधरा वर्षं नाही. पुढच्याच टप्प्यात. ही वही त्यासाठीच उघडली आहे.

९ नोव्हेंबर

वाचनालयात पहिली बैठक. आमचं नाव ठरलं: वलगाव रेल्वे विस्तार कृती समिती. मी अध्यक्ष, गोपाल सचिव. गोपालचा लाउडस्पीकरचा धंदा आहे. चळवळीचा अर्धा खर्च तिथेच वाचला.

मी सव्वा तास बोललो. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहराने ट्राम उखडून फेकली होती आणि पस्तीस वर्षांनी पश्चात्ताप होऊन पुन्हा आणली, हे सांगितलं. आपल्या नाशकात एकेकाळी ट्राम होती, हे सांगितलं. कलकत्त्याचं सांगितलं. वाचनालयातली पुस्तकं तीस वर्षं पुसता पुसता मी वाचली ती अशा दिवसासाठीच!

गोपाल मधेच म्हणाला, "देवाभाऊ, गावात आठ-आठ घंटे लाइट राह्यत नाई, आन तुमी लाइट रेल आणून राहिले!" सगळे हसले. मीही हसलो. विनोद सभेला जिवंत ठेवतो.

मग मला कल्पना सुचली. बोलता बोलता सुचली, माझ्या सगळ्या चांगल्या कल्पना तशाच सुचतात. अमरावतीच्या ताटातली भाजी कुठून येते हे अमरावतीला माहीत नाही. तर एक दिवस वलगाव बंद! एक भारा जाणार नाही, एक ऑटो जाणार नाही, एक माणूस जाणार नाही. सगळं गाव चौकात, सभेला. एक दिवस वलगाव नसलं की काय होतं ते शहराला कळू द्या!

टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. इंदूबाई तेवढ्या वाजवेनात. सत्तरीच्या आहेत, शकुनच्याच टेम्पोत बसतात. म्हणाल्या, "बंद करा बाप्पा, पण माहा पालक काई तुमच्या भाषनानं हिरवा राह्यत नाई."

मी म्हणालो, "इंदूबाई, एका दिवसाचा त्याग आहे."

"त्याग कोनाचा, तुमचा का पालकाचा?"

यालाही लोक हसले. तारीख ठरली: बुधवार, १९.

१५ नोव्हेंबर

भाषणाचा तिसरा मसुदा. सुरुवात अजून पेटत नाही.

संध्याकाळी शकुन दारात उभी राहून काही सांगत होती. "अवो, आयकता का? मंडीत बायका बोलून राहिल्या व्हत्या, गाडीसाठी लोकं मोजायले येनार हायेत मने, बुधवारच्या आसपास. तुमी बुधवारीच काहून बंद ठेवता? शुक्रवारी ठेवा."

माझी लेखणी नेमकी एका वाक्याच्या मध्यावर होती. मी म्हणालो, "शकुन, लोक मोजायचे नसतात. लोक जागवायचे असतात."

आणि सुरुवात सापडली! लगेच लिहून घेतलं: लोक मोजायचे नसतात, लोक जागवायचे असतात. शकुन मान हलवत मेथीच्या जुड्या बांधायला गेली. तिला वाक्य आवडलं असावं.

१९ नोव्हेंबर

काय दिवस! काय दिवस!

सकाळी सहाला चौकात आलो तर रस्ता सताड मोकळा. ऑटो ओळीने उभे, चाकांना दगड लावलेले. टेम्पो घरी. दुकानांची शटरं खाली. शाळाकॉलेजची मुलंही गेली नाहीत. परतवाड्याकडून येणारी एखादी एसटी थांबायची, बाहेरगावचे दोघेचौघे चढायचे-उतरायचे, बस्स. आमच्या गावचं चिटपाखरू नाही. मी डोळ्यांनी पाहिलं, एवढं मोठं गाव एका शब्दावर थांबतं!

कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर तिशीची एक मुलगी बसली होती. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर छापील तक्ता, मुठीत बटणाचं काहीतरी यंत्र. वार्ताहर असणार. गोपालने पत्रकं बरोबर पोचवलेली दिसतात. मी जाऊन नाव विचारलं. करिश्मा, अकोल्याची.

"सर, आज गाड्या नाहीत का इथे?" ती म्हणाली. "सकाळपासून बसले आहे, कोणीच नाही."

"एकही नाही! आज एकही माणूस वलगावबाहेर गेला नाही. लिहून घ्या!"

"खरंच लिहू?"

"ठळक लिहा!"

तिने लिहिलं. मी तिला चहा आणि पोहे पाठवले.

अकरापासून सभा. दोन तास दहा मिनिटं बोललो. शेवटी चार-पाच हजार माणसं हात वर करून उभी होती. बायांच्या बाजूला शकुन दिसली. तिचा डावा हात वर होता.

२० नोव्हेंबर

आवाज गेला आहे. गरम पाणी आणि हळद. अमरावतीत मेथी दुप्पट भावाने गेली म्हणतात. विजय.

४ डिसेंबर

गाडीच्या दुसऱ्या टप्प्याच्या अहवालाचा मसुदा प्रसिद्ध झाला. आधी आकडे लिहून ठेवतो.

फाट्यासाठी दिवसाला किमान साडेतीन हजार प्रवासी हवेत. नांदगाव पेठ: सहा हजार दोनशे. वलगाव: तीनशे एक्केचाळीस.

तीनशे एक्केचाळीस! एवढी माणसं तर आमच्याकडे लग्नाच्या पहिल्या पंगतीला बसतात. शिफारस अशी: वलगाव विस्तार व्यवहार्य नाही, पंधरा वर्षांनी फेरविचार करावा. हरकती आणि सुनावणी बावीस डिसेंबरला.

हा कट आहे. कोणी केला ते मला माहीत नाही, पण भाषणात ते नंतरही घालता येईल.

५ डिसेंबर

चौकात बोललो. कारखान्यांचे दलाल, शहराचे अहंकार, काळ्या मातीचा अपमान. गोपालने चारही कर्णे चारी दिशांना लावले. बावीस तारखेला सुनावणीच्या दारात अहवालाची होळी करायची असं जाहीर केलं. लोक पेटले आहेत. मीही.

शकुन सभेला नव्हती. इंदूबाई आणि आणखी दोघींबरोबर ओट्यावर कसलं तरी बोलणं चाललं होतं. मी आलो तसं थांबलं. बायांना राजकारणाचा कंटाळा येतो, त्यांना दोष देत नाही.

८ डिसेंबर

दुपारी रूपालीचा फोन. आमची लेक, अकोल्याच्या पॉलिटेक्निकला स्थापत्य शिकवते. आधी नेहमीचं बोलली: "बाबा, इथे मला सगळे चिडवतात. म्हणतात, आमच्याकडे जंक्शन आहे, तुमच्याकडे खेळण्यातली गाडी." मी अकोलेकरांना द्यायचं उत्तर तयार ठेवलेलं असतं, पण ती थांबली नाही.

"बाबा, मी अख्खा अहवाल वाचला. परिशिष्टंसुद्धा. पान दोनशे बारा. वलगावची मोजणी एकाच दिवशी झाली आहे. सकाळी सात ते रात्री नऊ, वलगाव चौकात."

"कोणत्या दिवशी?"

"एकोणीस नोव्हेंबर."

मी वहीची पानं मागे चाळली.

"बाबा, खाली शेराही आहे. वाचू? 'स्थानिक नेत्यांच्या सांगण्यानुसार आज एकही व्यक्ती गावाबाहेर गेली नाही.' ठळक अक्षरात आहे." ती हसायचं आवरत होती की रडायचं, फोनवर कळलं नाही. "बाबा, हे स्थानिक नेते कोण?"

९ डिसेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

१० डिसेंबर

लिहितो. खाजगी वहीतही खोटं बोललो तर मग कुठे खरं बोलायचं?

काल दिवसभर मी एकच विचार केला: पान दोनशे बारा कोण वाचतं? गावात कोणी नाही. होळी करू, घोषणा देऊ, कटाचं नाव घेऊ. वलगाव हरलं तरी मी लढताना हरलो असं होईल. पराभवातही माणूस मोठा होऊ शकतो, इतिहासात पुष्कळ उदाहरणं आहेत. मी त्यातली चार आठवूनही पाहिली.

गोपालला सांगितलं. तो आधी खूप हसला, मग गंभीर झाला. "काहून सांगता गावाले? कोनाले माईत हाये? तुमी सांगतलं तं लोकं तुमाले फाडून खातीन. आन मले बी. कर्णे माहे व्हते ना!"

रात्रीचं जेवण झाल्यावर शकुनला सांगितलं. तारीख, पान, शेरा, सगळं. ती भांडी आवरत होती. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणाली नाही. ते फार जड गेलं. फक्त म्हणाली, "बावीसले मले बी याचं हाये. इंदूबाई बी येते."

"तिथे काय करणार?"

"बसू."

२२ डिसेंबर

सुनावणी. सगळं क्रमाने लिहायला हवं, नाहीतर मी मधेच अलंकार घालीन.

अमरावतीत मोठं सभागृह, व्यासपीठावर पाच अधिकारी. प्रत्येक हरकतदाराला तीन मिनिटं. तीन! मी तर एवढ्या वेळात नुसतं "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणतो. बाहेर गोपाल, शंभर पोरं, रॉकेलचा डबा आणि अहवालाचा गठ्ठा. मी त्याला म्हटलं, काडी लावायची नाही. तो "काहून?" म्हणेपर्यंत मी आत शिरलो होतो.

माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. घरून आणलेलं भाषण खिशात होतं, चौदा पानी. काढलं नाही. म्हणालो:

"माझं नाव देवानंद. वलगावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. तुमच्या मोजणीत आमचं गाव रिकामं दिसलं, कारण त्या दिवशी ते मी रिकामं केलं होतं. गाव बंद मी पुकारला. मोजणीची कुणकुण माझ्या घरात आली होती, मी ऐकली नाही. शेऱ्यातला स्थानिक नेता मी. चूक माझी, शिक्षा गावाला नको. पुन्हा मोजा."

मिनिटभरही झालं नाही. मागे आमच्या गावची वीस-पंचवीस माणसं होती. त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं, "आरे देवा!" ते मला होतं की वरच्याला, कळलं नाही.

मधले अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा ठीक आहे. पण मोजणी करणाऱ्यांनी बंदची नोंद कशी केली नाही?"

एका बाजूला करिश्मा उभी राहिली. तीच. "सर, तक्त्यात कारणाचा रकाना नाही. शेरा लिहिला होता."

सभागृह हसलं. अधिकारी हसले नाहीत. म्हणाले, फेरमोजणीचा विचार करता येईल, नेहमीच्या पद्धतीने, सकाळी सात ते रात्री नऊ.

मी आनंदाने खाली बसणार, तोच मागून आवाज आला. "साहेब, सातले मोजून काय करसान? सातले आमी घरी येऊन च्या पितो!"

इंदूबाई. हरकतदारांच्या यादीत नाव नाही, काही नाही, सरळ उभ्या.

"कोण तुम्ही?"

"मी पालकवाली. हर्रास पाचले सुरू होते मंडीत. आमी साडेतीनले निंगतो, सहाले परत. तुमचा मानूस सातले खुर्ची टाकून बसते. थो आमाले कसा पाहीन? आमी काय भूत हावो?"

मला हे माहीत होतं. माझी बायको साडेतीनला जाते हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे! पण माझ्या एकाही भाषणात हा मुद्दा नव्हता. का नव्हता? हे वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, आता राहू देतो.

अधिकारी म्हणाले, "पहाटे किती लोक जातात याचा काही आधार आहे का? अंदाज नको."

तेव्हा शकुन उठली. हातात मेथीचं धुतलेलं रिकामं पोतं, तोंड सुतळीने बांधलेलं. पुढे गेली, डाव्या हाताने ते टेबलावर ठेवलं आणि सुतळी सोडली. आत हर्रासाच्या चिठ्ठ्या. लिलाव झाला की अडत्या प्रत्येकीला गुलाबी कागदाची चिठ्ठी देतो. तिच्यावर नाव, गाव, माल आणि वेळ. बाया ती कंबरेला खोचतात आणि घरी येऊन चुलीत टाकतात. या सतरा दिवसांत कोणीही चुलीत टाकली नव्हती.

"वलगाव आन आजूबाजूची नऊ गावं," शकुन म्हणाली. "दोन हजार नऊशे बारा चिठ्ठ्या हायेत. नावं वाचा, येळ वाचा. पोरं, मजूर, दवाखान्यावाले यायच्यात नाईत. ते बी सातच्या आंदीच निंगतात."

अधिकाऱ्यांनी मूठभर चिठ्ठ्या उचलल्या, वाचल्या, शेजारच्याकडे सरकवल्या. त्यानेही वाचल्या. एकाला ओल्या कोथिंबिरीचा वास आला असणार, त्याने चिठ्ठी नाकाजवळ नेली.

निर्णय: फेरमोजणी ८ जानेवारीला, पहाटे तीनपासून.

बाहेर येताना मी शकुनला विचारलं, "चिठ्ठ्या कधीपासून जमवत होतीस?"

"पाच तारखेपासून. चौकात तुमचं भाषन चालू व्हतं ना, कटाचं, तवापासून."

गोपालने न जळालेला अहवाल रद्दीत देतो म्हटलं. मी म्हटलं, वाचनालयात ठेव. पान दोनशे बाराला खूण घालून.

२४ डिसेंबर

गावाने फाडून खाल्लं नाही. पण खाल्लंही नाही असं म्हणता येणार नाही. पानटपरीवर मला पाहून एकजण म्हणाला, "देवाभाऊ, आज जाऊ का अमरावतीले? का मोजनी हाये?" दिवसभरात हे अकरा जणांनी विचारलं. बाराव्याला मीच आधी सांगितलं, "जा बाबा, जा, कृपा करून जा!" तेव्हा कुठे लोक माझ्याबरोबर हसले.

६ जानेवारी

समितीची बैठक. ही बैठक मी बोलावलेली नव्हती. पोचलो तर सतरंजीवर बाया आधीच बसलेल्या. मला जागा मिळाली ती मासिकांच्या कपाटाशेजारी.

गोपालचा बेत: अंजनगाव सुर्जीहून त्याचे साडू, मेहुणे, त्यांचे शेजारी असे तीन ट्रॅक्टर आणायचे, सकाळपासून वलगाव ते नवसारी फिरवायचे. "काई शंकाच नको. पाच हजार करून टाकू!"

खरं सांगतो, माझा हात वर जायला लागला होता. काळजी अशी की साडेतीन हजारांना चार कमी पडले तर? सात किलोमीटर चार माणसांमुळे जातील. शत्रूशी लढताना युक्ती वर्ज्य नसते, याला आधार सापडतील. सापडलेही असते.

इंदूबाई म्हणाल्या, "आनलेल्या मानसायनं गाडी येईन बाबू, पन मंग तिच्यात बसन कोन? थे रिकामी धावली की दोन सालात उखडतीन."

शकुन माझ्याकडे वळली. "आन तुमी. भाषन नाई, पत्रक नाई, बॅनर नाई. कोनाले काई सांगाचं नाई. रोजच्यासारखं होऊ द्या."

"एक छोटंसं आवाहन तरी?"

"नाई."

सगळ्या बाया हसल्या. अध्यक्षांच्या बाबतीत असा ठराव मी इतिहासात कुठे वाचलेला नाही. एकमताने मंजूर.

८ जानेवारी

पहाटे तीन. थंडी अशी की श्वास दिसतो. मी शकुनबरोबर उठलो. मेथीचे भारे ओल्या पोत्यात बांधायचे असतात आणि गाठ डाव्या बाजूला घ्यायची असते, कारण ती उचलते डाव्या हाताने. हे मला आज कळलं. सगळ्यांनाच माहीत होतं, त्या टेम्पोवाल्यालासुद्धा.

चौकात करिश्मा, कानाला मफलर, मुठीत तेच यंत्र. बरोबर आणखी दोघं.

आणि मग ते सुरू झालं. अंधारातून टेम्पो आले, एक, दोन, पाच, नऊ. भाऱ्यांवर बसलेल्या बाया, मांडीवर फुलांची परडी. वांग्यांची पोती, केळीचे घड. दूधवाले. दोन म्हातारे, अमरावतीच्या दवाखान्यात पहिला नंबर लावायला निघालेले. बांधकामाचे मजूर, डोक्याला टॉवेल. नर्सिंगच्या पाच मुली, एकाच शालीत दोघी. करिश्माचं बटण थांबेचना. मी तीस वर्षं या गावाला जागवतो आहे, असं मला वाटत होतं. हे गाव तर माझ्या आधी तीन तास जागं असतं!

शकुनचा टेम्पो भरला. मी भारा चढवला आणि त्याच ओघात स्वतःही चढलो, तिच्या शेजारी, मांडीवर झेंडू. करिश्मा मोजत मोजत आली, माझ्यापाशी थांबली.

"सर, तुम्हीही निघालात? मोजू?"

अकरा बाया माझ्याकडे पाहत होत्या. एक माणूस जास्त झाला असता. एकच! आणि मी खरोखरच टेम्पोत होतो.

"नाही," मी म्हणालो. "मी रोज जात नाही." आणि उतरलो. माझ्या जागी इंदूबाईंचं गाठोडं आलं.

रात्री नऊपर्यंत कडुलिंबाखाली उभा होतो. अठरा तास. एक शब्द बोललो नाही. गोपालने तीनदा चहा आणला आणि तीनदा विचारलं, "तब्येत बरी हाये ना?"

३० जानेवारी

झालं!!!

वलगाव: तीन हजार आठशे सत्तर. विस्तार दुसऱ्या टप्प्यात मंजूर करावा, पहिली गाडी पहाटे साडेतीनला सोडावी, एका डब्यात बाक न ठेवता मालासाठी जागा ठेवावी, अशी शिफारस! पत्र हातात घेऊन मी वाचनालयापासून घरापर्यंत पळालो. चप्पल वाटेत राहिली.

रूपालीला फोन केला. मी म्हणालो, "बघ, कबुलीची ताकद! फेरमोजणी मिळाली म्हणून जिंकलो." ती म्हणाली, "हो बाबा. पण सातच्या आधीचे किती आहेत ते बघा." पाहिले. सहाशे बारा. "आता ते काढून टाका." काढले. तीन हजार दोनशे अठ्ठावन्न राहतात. साडेतीन हजाराला कमी.

मी ती वजाबाकी कागदावर पुन्हा करून पाहिली. ती तिकडून म्हणाली, "बाबा, आहात ना?"

संध्याकाळी चौकात अर्धं गाव. पेढे, गुलाल, गोपालचे कर्णे. लोक ओरडत होते, "देवाभाऊ, बोला!" मी पत्र वाचून दाखवलं आणि माइक शकुनकडे दिला. तिने तो आधी उलटा धरला. मग म्हणाली, "साडेतीनची गाडी मंजे साडेतीनलेच सुटली पाह्यजे. पावनेचार झाले तं हर्रास हुकते, माल पडून राह्यते. बस." आणि माइक इंदूबाईंच्या हातात दिला. त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण टाळ्या माझ्या कोणत्याही भाषणापेक्षा जास्त पडल्या.

घरी आल्यावर नकाशा पसरला. आता वलगाव झालं, पुढे काय? अंजनगाव सुर्जी! तिथले केळीवाले, पानमळ्यांवाले, केवढा बाजार! आणि तिथून पुढे कधीतरी मेळघाट, धारणीपर्यंत का नाही? पेन्सिल थांबत नव्हती. शकुनने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आंदी हे तं येऊ द्या!" पण हसत होती.

मी विचारलं, "अंजनगावला मोठी सभा घेतो. कोणत्या दिवशी घेऊ?"

"मले काय माईत? तेथच्या बायायले विचारा ना, त्या कवा निंगतात, काय नेतात, कोठी बसतात."

उद्या पहिल्या एसटीने अंजनगावला जातो आहे. पानाच्या बाजारात उभा राहीन. पिशवीत पाण्याची बाटली आणि कोरी वही टाकली आहे. भाषण घेतलेलं नाही.